पालकांशी हितगुज : कुठे लिहिलंय, बोट ठेवून दाखव



मुर्तिजापूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मोठी मुलगी यंदा उर्दू माध्यमातून दहावीला आहे. सराव परीक्षेत इंग्रजीच्या उताऱ्याखाली चार विधाने होती. प्रत्येकापुढे ‘ट्रू’ की ‘फॉल्स’ एवढेच लिहायचे होते. चारातले एकच बरोबर आले. आईने विचारले तर मुलगी म्हणाली, “अम्मी, ते नशिबाचं असतं. दोन ट्रू लिहायचे, दोन फॉल्स. लागलं तर लागलं.” पत्राच्या शेवटी त्या भगिनी लिहितात, “मी स्वतः मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले. इंग्रजी मला येत नाही. शिकवणी लावायची सध्या सोय नाही. मी तिच्याजवळ बसून करू तरी काय?”

हे पत्र आम्ही दोनदा वाचले, कारण हा प्रश्न एकट्या मुर्तिजापूरचा नाही. अचलपूर, बाळापूर, अकोट, बडनेरा, कुठेही जा, आपल्या घराघरात अशी एक अम्मी आहे. मूल इंग्रजीचे पुस्तक उघडते आणि ती हळूच उठून स्वयंपाकघरात जाते. आपल्याला यातले काही कळत नाही, मग बसून काय उपयोग, असे तिला वाटते. या महिन्याचे हितगुज तिच्यासाठी आहे. बहीण, तुम्ही उठून जाऊ नका. या एका प्रश्नापुरते तरी इंग्रजी न येणारी आई चांगली शिक्षिका होऊ शकते. कसे, ते पुढे सांगतो.

नशीब किती साथ देते?

आधी मुलीच्या म्हणण्याचा हिशेब करू. डोळे मिटून उत्तरे लिहिली तर प्रत्येक विधान बरोबर येण्याची शक्यता निम्मी. चारही बरोबर येण्याची शक्यता सोळात एक. म्हणजे सोळा मुलींनी असे नशिबावर सोडले तर साधारण एकीचे जमेल. बाकीच्या पंधरा जणींचे काही ना काही गुण जातील आणि ते का गेले हेही त्यांना कळणार नाही. शिवाय या विधानांना लांब वाक्ये लिहावी लागत नाहीत, व्याकरण जुळवावे लागत नाही, स्पेलिंगची भीती नसते. ज्याचे इंग्रजी कच्चे आहे त्याच्यासाठी पूर्ण पत्रिकेत यापेक्षा सोपे गुण क्वचितच असतात. तेच आपली मुले नशिबावर सोडतात.

आपल्या अमरावती विभागीय मंडळाच्या पाच जिल्ह्यांतली, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम आणि यवतमाळची दहावीची मुले मराठी किंवा उर्दू माध्यमात असली, तर इंग्रजी तृतीय भाषा म्हणून घेतात. ८० गुण लेखी, २० गुण अंतर्गत. लेखी कृतिपत्रिकेत एक उतारा पाठ्यपुस्तकातला असतो आणि एक बाहेरचा, मुलांनी कधी न पाहिलेला. त्याखालच्या पहिल्या कृतीत विधाने सत्य की असत्य असे अनेकदा विचारतात. पुढे बारावीतही ही कृती भेटते. परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस परीक्षा देणाऱ्यांनाही ती चुकत नाही. तिथे वाचनाच्या भागात ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात आणि त्यात या विधानांना ‘ट्रू’, ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’ असे तीन पर्याय असतात. तेव्हा दहावीला लागलेली सवय पुढे बरीच वर्षे कामी येते.

प्रश्न नेमका काय असतो?

मुले चुकतात ती बहुतेक इथेच. ‘सत्य की असत्य’ वाचले की मुलांना वाटते, ही गोष्ट जगात खरी आहे की खोटी, ते सांगायचे आहे. परीक्षक ते विचारत नसतो. तो विचारतो, समोरच्या उताऱ्यात हे म्हटले आहे का?

समजा बाळापूरच्या एखाद्या मुलासमोर त्याच्याच गावच्या किल्ल्यावर उतारा आला. त्याला किल्ल्याची माहिती आहे, मन आणि म्हैस नद्यांचा संगम त्याने शंभर वेळा पाहिला आहे. उताऱ्यात मात्र किल्ल्याच्या तटबंदीचेच वर्णन आहे, नद्यांचे नावही नाही. खाली विधान आले की लेखकाने दोन नद्यांच्या संगमाचे वर्णन केले आहे. मुलगा उतारा न बघताच ‘ट्रू’ लिहितो. गोष्ट खरी, पण उत्तर चूक. गंमत अशी की गडचिरोलीच्या एखाद्या मुलीने, जिने बाळापूर कधी पाहिले नाही, ती उतारा पुन्हा वाचते आणि बरोबर लिहिते. या प्रश्नात आपले ज्ञान बाजूला ठेवावे लागते. साक्ष द्यायला एकटा उताराच उभा असतो.

एक उतारा आपल्याच रस्त्याचा

आता एक सराव करू. मुद्दाम मराठीत देतो, म्हणजे घरातले सगळे भाग घेऊ शकतील. जेवणानंतर कुणीतरी मोठ्याने वाचा.

‘जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती ते अकोला या टप्प्यात एक विक्रम झाला. ३ जूनच्या सकाळी सुरू झालेले काम ७ जूनच्या संध्याकाळी थांबले. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग टाकण्यात आला. दुपदरी रस्त्याच्या हिशेबाने ही लांबी साडेसदतीस किलोमीटर होते. ७२० कामगारांनी दिवसरात्र काम केले. या कामाची गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधील दोहा इथला होता. तिथे २०१९ मध्ये सुमारे २५ किलोमीटरचे काम १० दिवसांत झाले होते.’

आता ही सहा विधाने पाहा. सत्य, असत्य, की उताऱ्यात दिलेले नाही?

१. विक्रमाचे काम जून महिन्यात झाले.
२. पाच दिवसांत ७५ किलोमीटरचा दुपदरी रस्ता तयार झाला.
३. सूर्य मावळल्यावरही काम थांबत नव्हते.
४. आधीचा विक्रम दोहा इथे पाच दिवसांत झाला होता.
५. या रस्त्यामुळे अमरावती-अकोला प्रवासाचा वेळ निम्म्यावर आला.
६. कामगारांपैकी बहुतेक जण अमरावती जिल्ह्यातले होते.

उत्तरे लगेच पाहू नका. घरातल्या प्रत्येकाला आपापले उत्तर सांगू द्या.

पहिले सत्य. पहिल्याच ओळीत आधार आहे. दुसरे असत्य, आणि इथे सर्वांत जास्त लोक फसतात. त्या वेळी ‘पाच दिवसांत ७५ किलोमीटर’ ही बातमी सगळ्यांनी ऐकली होती, मनात तेवढेच राहिले. उतारा सांगतो की थर एकपदरी होता, दुपदरी हिशेबाने लांबी निम्मी. ‘दुपदरी’ या एका शब्दाने विधान खोटे पडले. तिसरे सत्य. विधानातला ‘सूर्य’ उताऱ्यात कुठेच नाही, पण ‘दिवसरात्र’ आहे. अर्थ तोच, शब्द वेगळे. चौथे असत्य. त्यातले दोहा बरोबर आहे, दिवस चुकले. अर्धे खरे विधान परीक्षेत पूर्ण खोटे धरले जाते.

पाचव्या आणि सहाव्यावर घरात वाद होईल. कुणी म्हणेल, “मी परवाच गेलो, लवकर पोहोचतो ना आपण!” असेलही. पण उताऱ्यात प्रवासाच्या वेळेचा एक शब्दही नाही. कामगार कुठले होते, तेही नाही. म्हणून दोन्हींचे उत्तर ‘दिलेले नाही’. इथे ‘असत्य’ लिहायलाही आधार लागतो, हे मुलांना समजावून सांगा. उतारा विधानाच्या उलट बोलत असेल तर असत्य. उतारा गप्प असेल तर ‘दिलेले नाही’. परीक्षेत सत्य-असत्य असे दोनच पर्याय असतील आणि विधानाला आधारच सापडला नाही, तर ‘सत्य’ लिहू नये.

लहान शब्द, मोठे नुकसान

इंग्रजीत विधान फिरवणारे शब्द फार लहान असतात. घाईत ते डोळ्यांतून निसटतात. शेतातले उदाहरण घ्या. अब्बू म्हणाले, “बराचसा कापूस वेचून झाला.” पोराने शेजाऱ्याला जाऊन सांगितले, “सगळा वेचून झाला.” शेजारी मजूर मागायला दारात हजर! ‘बराचसा’ आणि ‘सगळा’ यांतला फरक शेतकऱ्याच्या घरात कुणाला शिकवावा लागत नाही. इंग्रजीतल्या ‘मोस्ट’ आणि ‘ऑल’ मध्ये हाच फरक आहे.

मुलांना वहीच्या मागच्या पानावर ही यादी करायला सांगा: ऑल, मोस्ट, सम, ओन्ली, ऑलवेज, नेव्हर, बिफोर, आफ्टर, नॉट, बट. विधानात यांपैकी एखादा शब्द दिसला की त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि उताऱ्यात त्या जागी कोणता शब्द आहे ते पाहायचे. ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’. उताऱ्यात दोन कारणे दिली असतील आणि विधानात ‘ओन्ली’ लावून एकच दिले असेल, तर ते असत्य. ‘बट’ दिसला की थांबायचे, कारण वाक्य तिथे वळते आणि उत्तर बहुधा वळणानंतर असते. एक शब्द खास लक्षात ठेवावा, ‘हार्डली’. मुले त्याला ‘हार्ड’चा भाऊ समजतात. त्याचा अर्थ ‘जेमतेम, जवळजवळ नाहीच’ असा आहे. ‘ही हार्डली स्लेप्ट’ म्हणजे त्याला झोप अशी लागलीच नाही. विधानात ‘तो गाढ झोपला’ असे असेल तर उत्तर फॉल्स.

दुसरी चूक शब्द जुळवण्याची. विधानातले चार शब्द उताऱ्यात दिसले की मुले ‘ट्रू’ लिहून मोकळी होतात. प्रश्न काढणाऱ्याला ही सवय ठाऊक असते. तो खोट्या विधानात उताऱ्यातलेच शब्द वापरतो आणि खरे विधान वेगळ्या शब्दांत लिहितो. वरचे दुसरे आणि तिसरे विधान पुन्हा पाहा म्हणजे लक्षात येईल.

तिसरी चूक, पूर्ण उताऱ्याचे मनातल्या मनात भाषांतर करत बसण्याची. त्यात वेळ संपतो. आधी उतारा एकदा सरळ वाचून काढावा, दोन-चार शब्द अडले तरी थांबू नये. मग एक विधान घ्यावे, त्यातले नाव, आकडा किंवा ठिकाण उताऱ्यात शोधावे, आणि फक्त ते वाक्य व त्याच्या मागचे-पुढचे वाक्य बारकाईने वाचावे. विधाने पुष्कळदा उताऱ्याच्याच क्रमाने येतात, त्यामुळे पहिल्याचा आधार वर सापडला तर दुसऱ्याचा त्याखाली शोधावा. आणि सूचना आधी वाचावी. कधी फक्त सत्य विधाने उतरवून काढायला सांगतात, कधी असत्य विधान दुरुस्त करून मागतात.

आता अम्मीचे काम

तर बहीण, तुमचे काम असे. मुलगी विधानापुढे उत्तर लिहील. तुम्ही एकच प्रश्न विचारायचा, “कुठे लिहिलंय? बोट ठेवून दाखव.” ती बोट ठेवील. मग म्हणा, “आता या ओळीचा अर्थ मला सांग.” ती उर्दूत सांगो की मराठीत. नंतर म्हणा, “आता विधानाचा अर्थ सांग.” दोन्ही अर्थ तुमच्या कानावर पडले की फरक तुम्हाला ऐकू येईल. त्यासाठी इंग्रजी लागत नाही. बाजारात पावतीवरचा आकडा आणि दुकानदाराच्या तोंडचा आकडा तुम्ही रोज ताडून बघता, ते हेच काम आहे.

मुलगी बोट ठेवू शकली नाही तर ओरडू नका. एवढेच म्हणा, “मग हे उत्तर तू मनाने दिलंस. पुन्हा शोध.” आठवडाभरात ती तुम्ही विचारण्याआधीच बोट ठेवू लागेल. रोज दहा मिनिटे, एक उतारा, चार विधाने. इंग्रजीचा उतारा नसेल त्या दिवशी मराठी वर्तमानपत्रातली एक बातमी घ्या आणि विधाने तुम्ही स्वतः तयार करा. एक खरे, एक खोटे, एक बातमीत नसलेले. मुलांना हा खेळ आवडतो, विशेषतः अम्मीला पकडायची संधी मिळते तेव्हा. भाऊ मोठा असेल तर त्यालाही बसवा, तो आपाला शिकवता शिकवता स्वतः शिकेल. आणि अब्बूंनीही दहा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवावा.

हे शिक्षण आपल्याला नवे नाही

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलावीच लागेल. पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमधल्या सहाव्या आयतीत ईमानधारकांना आदेश आहे की कुणी भरवसा नसलेल्या माणसाने बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. तफसीरकारांनी या आयतीच्या संदर्भात बनू मुस्तलिक या कबिल्याचा प्रसंग सांगितला आहे. त्यांनी जकात द्यायला नकार दिला अशी खबर मदिनेला पोहोचली. चौकशी झाली तेव्हा तसे काही नव्हते असे निघाले. चौकशीआधी पाऊल उचलले गेले असते तर काय झाले असते, याचा विचार करा.

आपल्या मुहद्दिसांनी हा आदेश आयुष्यभर पाळला. एक हदीस घेताना ती कुणाकडून ऐकली, त्याने कुणाकडून ऐकली, दोघांची भेट झाली होती का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी होती, हे सगळे ते तपासत. इमाम बुखारी आणि इमाम मुस्लिम यांच्या ग्रंथांवर उम्मतने भरवसा ठेवला तो या कसोटीमुळे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत आली आहे. “कुठे लिहिलंय, बोट ठेवून दाखव” हा अम्मीचा प्रश्न त्याच परंपरेतला आहे.

आपल्या दोन्ही शहरांना त्याची गरज आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचा मोर्चा आणि दुसऱ्या दिवशीचा बंद यानंतर अमरावतीत दगडफेक, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून अकोल्याच्या जुन्या शहरात हिंसा झाली आणि एक जीव गेला. दोष कुणाचा, हा या सदराचा विषय नाही. ते न्यायालयाचे काम आहे. त्या दिवसांत आपल्या घरांत काय चालले होते ते मात्र आठवून पाहा. गाव नाही, तारीख नाही, कुणी काढली ते नाही, अशी क्लिप यायची आणि आपण ती पाहून संपायच्या आत पुढच्या गटात पाठवायचो. त्यातल्या किती गोष्टींसाठी आपण बोट ठेवू शकलो असतो? ‘दिलेले नाही’ हे उत्तर आपल्याला सुचलेच नाही. माहीत नसलेल्या गोष्टीला एकतर खरी म्हटले, नाहीतर खोटी.

मुले हे सगळे पाहत असतात. वहीवर ‘आधार दाखव’ म्हणणारे अम्मी-अब्बू मोबाइलवर आधार न बघता ‘फॉरवर्ड’ करतात, असे दिसले तर मूल वहीवरचेही विसरते. म्हणून नियम दोघांना सारखा ठेवा. घरात कुणीही बातमी वाचून दाखवली की मुलांना विचारायची मुभा द्या, “अब्बू, कुठे लिहिलंय?” अब्बूंना दाखवता आले नाही तर ते पुढे पाठवायचे नाही. सुरुवातीला थोडे अवघड वाटेल. मुलाने बापाला टोकलेले आपल्याकडे लगेच रुचत नाही. पण या टोकण्यात बेअदबी नाही, आदेशाचे पालन आहे.

मुर्तिजापूरच्या भगिनीला शेवटी एवढेच सांगतो. मुलीचा जुना सराव पेपर आज रात्रीच काढा. चुकलेली तीन विधाने एक-एक करून घ्या आणि तिला बोट ठेवायला लावा. तिन्ही चुका तीन वेगळ्या कारणांनी झाल्या असतील: एकात लहान शब्द निसटला, एकात शब्द जुळवले, एकात मनाने लिहिले. कारण सापडले की पुढच्या वेळी तीच चूक होणे कठीण जाते. आणि तिने पुन्हा नशिबाचे नाव काढले तर सांगा की दुआ जरूर करायची, पण उतारा वाचून झाल्यावर.

अल्लाह आपल्या मुला-मुलींच्या इल्ममध्ये बरकत देवो आणि आपल्या घरांना खरे तेच बोलण्याची तौफीक देवो. आमीन.